सोयीची सोयरीक

बाराव्या शतकाच्या शेवटी विंचेस्टरच्या मठात रिचर्ड नावाचा एक साधू राजघराण्यातल्या घडामोडी लिहून ठेवत होता. एका पानावर त्यानं राणी एलिनॉरची तोंडभरून स्तुती केली आहे. रूपवान पण शीलवान, हाती सत्ता पण वागणं नम्र, अशी बाई विरळाच, वगैरे. आणि त्याच पानाच्या समासात एक टीप. तिचा मथितार्थ असा: कुणालाच ठाऊक नसती तर बरं झालं असतं, अशी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. ही राणी पहिल्या नवऱ्याच्या वेळी जेरुसलेमला गेली होती. याच्यापुढे कुणी बोलू नका. मलाही सगळं माहीत आहे. गप्प राहा.

‘मला काय करायचंय बाई, पण...’ अशी सुरुवात झाली की पुढे काय येणार हे आपल्याला चांगलं कळतं. साधूबुवांनी ही टीप लिहिली तेव्हा एलिनॉर सत्तरीच्या घरात होती आणि त्यांनी ज्या प्रवासाकडे डोळे मिचकावले, तो होऊन चाळीस वर्षं उलटली होती. तेवढ्या काळात ती फ्रान्सची राणी होऊन गेली, इंग्लंडची राणी झाली, दहा मुलांची आई झाली, पंधरा वर्षं नवऱ्याच्या कैदेत राहिली आणि बाहेर येऊन मुलाचं राज्य सांभाळू लागली. कुजबूज मात्र एकाच जागी अडकून होती.

तिच्यावर लिहिणारे बहुतेक सगळे मठातले किंवा चर्चमधले पुरुष. त्यांच्याकडून तिचे प्रियकर मोजून घ्यावेत, तर सख्खा काका येतो, दुसऱ्या नवऱ्याचा बाप येतो, आणि पुढच्या शतकातल्या एका गोष्टीत तर खुद्द मुस्लिम सुलतान सलादीन येतो. ती पूर्वेकडे गेली तेव्हा सलादीन दहा-अकरा वर्षांचा होता, पण गोष्ट रंगात आली की वय कोण विचारतो! मला या बाईबद्दल वाचताना प्रियकरांपेक्षा वंशावळींत जास्त रस वाटत गेला. कागद-पेन्सिल घेऊन बसावं, वरून खाली रेघा ओढत यावं, आणि पाहावं की कुणी कुणाची पिढी कधी मोजली. आणि कधी मोजली नाही.

तिच्या माहेरी लग्नाच्या बाबतीतला बेमुर्वतपणा आधीपासूनच होता. आजोबा विल्यम नववा, अ‍ॅक्विटेनचा ड्यूक. दक्षिण फ्रान्सच्या ऑक्सितान भाषेतल्या ज्या कवींची गाणी आज हाताशी आहेत, त्यातला हा सर्वांत जुना. शातेलरोच्या सरदाराची बायको दांजरूझ त्याच्या मनात भरली, तेव्हा त्यानं तिला उचलून आणलं आणि प्वातिएच्या आपल्या वाड्यातल्या मोबर्जोन बुरुजात ठेवलं. तिचा नवरा हयात, याची बायको हयात. चर्चनं बहिष्कार घातला, यानं ढालीवर दांजरूझचं चित्र काढून घेतलं. कडी म्हणजे दांजरूझच्या लग्नाच्या नवऱ्यापासून झालेल्या मुलीचं, एनॉरचं, लग्न विल्यमच्या लग्नाच्या बायकोपासून झालेल्या मुलाशी लावून दिलं. या जोडप्याची थोरली मुलगी एलिनॉर. बापाकडचे आजोबा आणि आईकडची आजी उघड उघड एकत्र राहतात, पण ते एकमेकांचे नवरा-बायको नाहीत, अशा घरात तिचा जन्म.

सासरही काही धुतल्या तांदळाचं नव्हतं. पहिला नवरा लुई सातवा, त्याचे आजोबा फिलिप पहिला. त्यांनी १०९२ मध्ये लग्नाची राणी टाकून आन्जूच्या काउंटची बायको बर्त्राद हिला घरात आणलं आणि वर्षानुवर्षं चर्चचा बहिष्कार अंगावर वागवला. ही बर्त्राद आन्जूला एक मुलगा ठेवून आली होती. त्या मुलाच्या मुलाचा मुलगा म्हणजे हेन्री, एलिनॉरचा दुसरा नवरा. थोडक्यात, पहिल्या नवऱ्याच्या आजोबांनी दुसऱ्या नवऱ्याची पणजी पळवली होती. रेघा ओढायला बसलं की अशा गमती सापडतात आणि मग ‘एलिनॉरनं युरोपला हादरवलं’ हे तिच्या लग्नांबद्दल नेहमी ऐकू येणारं वाक्य जरा जपून वाचावंसं वाटतं.

लुईशी तिचं लग्न कसं झालं, त्यात प्रेम-बीम शोधायला जागाच नाही. ११३७ च्या गुड फ्रायडेला तिचा बाप सान्तियागोच्या यात्रेत वारला. भाऊ आधीच गेला होता. लॉवार नदीच्या दक्षिणेपासून पार पिरेनीज पर्वतापर्यंतचा अ‍ॅक्विटेनचा मुलूख, बोर्दोची द्राक्षं, किनाऱ्यावरची मिठागरं, सगळं तेरा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या नावावर आलं. फ्रान्सचा राजा नावाला तिचा अधिपती. त्याच्या स्वतःच्या ताब्यातला प्रदेश यापुढे फारच लहान, पॅरिस आणि आसपासचा टापू. अशी वारस मुलगी कुणीही वाटेत गाठून पळवावी आणि जबरदस्तीनं लग्न लावून जमिनीचा धनी व्हावं, असा तो काळ. म्हातारा राजा हगवणीनं अंथरुणाला खिळला होता, पण बातमी कळताच त्यानं सतरा वर्षांच्या मुलाला पाचशेएक स्वार देऊन बोर्दोला धाडलं. २५ जुलैला लग्न लागलं. १ ऑगस्टला सासरा गेला. सुतक फिटतं न फिटतं तोच पोरगी फ्रान्सची राणी.

आणि लुई? तो मुळात राजा व्हायचाच नव्हता. धाकटा म्हणून त्याला सँ-दनीच्या मठात चर्चसाठी वाढवलेलं. ११३१ मध्ये थोरला भाऊ पॅरिसच्या रस्त्यानं घोड्यावरून चालला असताना एक डुक्कर घोड्याच्या पायांत आलं, घोडा कोसळला आणि युवराज गेला. मठातल्या पोराला बाहेर काढून युवराज केलं. तो मठ त्याच्या अंगातून शेवटपर्यंत गेला नाही. पुढे एलिनॉर म्हणाल्याचं सांगतात, की मला वाटलं राजाशी लग्न झालं, हा तर साधू निघाला. हे वाक्य इतिवृत्तकारानं नंतर लिहिलंय, तेव्हा शब्द तिचेच असतील असं नाही. पण कुणाचेही असोत, नेमके आहेत.

त्यांच्या संसाराची एक वस्तू आज पाहता येते. पॅरिसच्या लूव्हरमध्ये सगळी गर्दी मोना लिसाकडे धावत असते, तिला पाठ करून मध्ययुगीन वस्तूंच्या दालनात गेलं की काचेआड एक स्फटिकाची सुरई आहे. जेमतेम दीड वीत उंच, पोटाशी पेरूसारखी फुगीर. स्फटिकाच्या अंगावर मधाच्या पोळ्यासारखे बारीक बारीक पैलू पाडलेले, त्यामुळे प्रकाश त्यात शिरतो आणि तिथेच घुटमळतो. गळ्याशी आणि बुडाशी सोन्याचा मुलामा दिलेली चांदी, तिच्यात मोती आणि रत्नं. हे कोंदण सँ-दनीचा मठाधिपती सुजेर यानं नंतर चढवलेलं. बुडाच्या पट्टीवर त्यानं लॅटिनमध्ये कोरून ठेवलंय, की ही सुरई वधूनं राजा लुईला दिली, मितादोलसनं तिच्या आजोबांना, राजानं मला, आणि सुजेरनं संतांना. मितादोलस म्हणजे सारागोसाचा मुस्लिम अधिपती इमाद अल-दौला, असं अभ्यासक मानतात. तिचे ते रंगेल आजोबा स्पेनच्या लढाईत त्याच्या बाजूनं उभे राहिले होते. एलिनॉरच्या हातची म्हणून दाखवता येईल अशी एवढीच वस्तू शिल्लक आहे. ती काचेपाशी उभं राहून पाहताना माझं लक्ष मात्र त्या ‘राजानं मला’वर अडकलं. बायकोनं लग्नात दिलेली, तिच्या आजोबांच्या घरची सुरई नवऱ्यानं मठाला देऊन टाकली. संसाराचं यापेक्षा वेगळं काय सांगायचं?

तरी पंधरा वर्षं तो चालला. पहिला मोठा तडाखा बसला तो तिच्या धाकट्या बहिणीमुळे. पेत्रोनिलाचा जीव जडला राउल द व्हर्मांद्वावर. राउल राजाचा नातलग, वयानं बापाच्या जागी शोभेल असा, आणि लग्न झालेला. त्याची बायको शांपेनच्या काउंटच्या घरातली. आता चर्चमध्ये घटस्फोट नावाची गोष्टच नव्हती. एकदा लागलेलं लग्न मरेपर्यंत. वाट एकच: ते लग्न मुळात लागलंच नव्हतं असं सिद्ध करायचं, कारण नवरा-बायको निषिद्ध नात्यातले निघाले. तीन बिशप बसले, त्यातला एक राउलचा सख्खा भाऊ. राउल आणि त्याची बायको जवळच्या रक्ताची आहेत असा शोध त्यांना चटकन लागला आणि पेत्रोनिलाचं लग्न झालं.

शांपेनवाले खवळले, पोप खवळला, आणि लुई मेहुणीच्या बाजूनं सैन्य घेऊन शांपेनमध्ये घुसला. ११४३ च्या जानेवारीत वित्री गावाला आग लागली. जीव वाचवायला लोक चर्चमध्ये शिरले होते. छप्पर पेटून कोसळलं आणि हजाराहून जास्त माणसं आत जळाली. त्या गावाला नंतर ‘जळकं वित्री’ हेच नाव पडलं. लुईनं ते टेकडीवरून पाहिलं असं सांगतात. त्यातून तो कधी सावरला नाही, आणि सावरायला नकोच होता.

याच भांडणात क्लेर्व्होच्या बर्नारनं, त्या काळातल्या सर्वांत वजनदार धर्मपुरुषानं, राजाला सुनावलं. लुई दुसऱ्यांच्या सोयरिकींत रक्ताची नाती काढून मोडता घालत होता. बर्नारचा सवाल असा, की स्वतः राजाचीच बायको निषिद्ध नात्यातली आहे, त्याचं काय? म्हणजे नातं सगळ्यांना तेव्हापासून ठाऊक होतं. कुणालाही त्याची निकड नव्हती, एवढंच.

ते नातं असं. फ्रान्सचा राजा रॉबेर दुसरा. त्याच्या एका मुलाकडून चौथ्या पिढीत लुई, दुसऱ्या मुलाकडून पाचव्या पिढीत एलिनॉर. चर्चच्या त्या काळच्या नियमानं सात पिढ्यांपर्यंत पूर्वज एक निघाला तर लग्न निषिद्ध. आपल्याकडे धर्मशास्त्रानं सपिंड नातं बापाकडून सात आणि आईकडून पाच पिढ्या धरलं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं ते पाच आणि तीनवर आणलं, आणि वर रूढी असेल तर सूटही ठेवली, नाहीतर कोल्हापूर-सांगलीकडे मामाच्या मुलीवर हक्क सांगणाऱ्यांची पंचाईत झाली असती. पण आपल्याकडे निदान लोकसंख्या तरी मोठी. सात पिढ्यांचा नियम युरोपातल्या मूठभर राजघराण्यांना लावला तर लग्नाला माणूसच उरत नाही. लुईच्या पणजोबांना बायको थेट किव्हहून आणावी लागली, ती यामुळेच असं मानतात. म्हणून व्यवहार असा पडला, की लग्न करताना नात्याकडे काणाडोळा करायचा आणि नातं जपून ठेवायचं. पुढेमागे लग्न नकोसं झालं, की तिजोरी उघडून बाहेर काढायचं. १२१५ मध्ये चर्चनं सातावर काट मारून मर्यादा चारवर आणली. शरीरात रस चार असतात म्हणून चार, असंही एक कारण त्या ठरावात दिलंय. मला हे फार आवडतं.

ते जपून ठेवलेलं नातं बाहेर काढलं ते लुईनं नव्हे, एलिनॉरनं. ११४७ मध्ये राजा-राणी दुसऱ्या क्रुसेडवर, म्हणजे जेरुसलेमकडच्या ख्रिस्ती धर्मयुद्धावर, निघाले. वाटेत सैन्याची दाणादाण उडाली, आणि ११४८ च्या मार्चमध्ये उरलेसुरले ख्रिस्ती सत्तेतल्या अँटिओक शहरात पोचले. तिथला अधिपती रेमंड म्हणजे एलिनॉरच्या बापाचा धाकटा भाऊ. देखणा, बोलका, माहेरच्या भाषेत बोलणारा. काका-पुतणीच्या गप्पा संपेनात. रेमंडचं म्हणणं, आधी अलेप्पोवर चाल करा, खरा धोका तिकडे आहे. लुईचं म्हणणं, मी यात्रेचा नवस बोललोय, मला जेरुसलेमला जायचंय. एलिनॉर काकाच्या बाजूनं उभी राहिली. लुई म्हणाला, ऊठ, निघूया. ती म्हणाली, मी इथेच राहते, नाही तरी आपण चौथ्या-पाचव्या पिढीतले नातलग, तुझी बायको म्हणून राहणं धर्माला धरून नाही.

हे सांगणारा जॉन ऑफ सॉल्झबरी पोपच्या दरबारात होता आणि इतरांच्या मानानं त्याची लेखणी थंड डोक्याची आहे. तोही म्हणतो की राणीच्या आणि काकाच्या सततच्या बोलण्यानं राजाला संशय आला. शेवटी तिला रातोरात जबरदस्तीनं अँटिओकमधून हलवलं. बाकी सगळी बदनामी या काही दिवसांवर उभी आहे. काका-पुतणीत काही होतं का? कुणी दिवा धरून उभं नव्हतं. पण एक गोष्ट कागदोपत्री आहे: रेमंडचा सल्ला डावलून हे लोक त्याच जुलैत दमास्कसवर गेले आणि चार-पाच दिवसांत वेढा उठवून हात हलवत परतले. लष्करी प्रश्नावर बायकोचं मत बरोबर होतं आणि नवऱ्याचं चूक. हे लिहून ठेवण्यापेक्षा तिचं काकाशी लफडं होतं हे लिहिणं दरबारी साधूंना सोपं गेलं असावं. माझा आपला संशय.

परतीच्या वाटेवर दोघं इटलीत टस्क्युलमला पोपकडे उतरले. पोप युजीन तिसरा भला माणूस. त्यानं दोघांचं ऐकून घेतलं, रक्ताच्या नात्याचा विषय पुन्हा काढायचा नाही अशी ताकीद दिली, आणि स्वतःच्या भारी वस्त्रांनी सजवलेल्या एकाच बिछान्यात दोघांची झोपायची सोय केली. निघताना आशीर्वाद देताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. ११५० मध्ये बाळ झालं. दुसरीही मुलगीच.

आता लुईच्या दरबारात हिशेब सुरू झाला. तेरा वर्षांत दोन मुली, गादीला वारस नाही. लग्न टिकवा म्हणणारा सुजेर ११५१ च्या आरंभी वारला. पुढच्या वर्षी २१ मार्चला बोजांसी इथे धर्मगुरूंची सभा भरली, साक्षीदारांनी शपथेवर पिढ्या मोजून दाखवल्या, आणि पोपनं बंद केलेलं प्रकरण उघडून पंधरा वर्षांचं लग्न मुळात झालंच नव्हतं असं ठरलं. लग्न सद्भावनेनं झालं होतं म्हणून मुली औरस ठरल्या आणि बापाकडे राहिल्या. आणि लग्नच नव्हतं म्हटल्यावर माहेरची जमीन परत माहेरवाशिणीकडे. अ‍ॅक्विटेन पुन्हा एलिनॉरच्या नावावर. लुईच्या सल्लागारांना हे दिसत नव्हतं असं नाही. ती अधिपतीच्या परवानगीशिवाय कुठे जाते, असा त्यांचा अंदाज असावा.

ती पंधरा वर्षांपूर्वी होती तिथेच परत आली: वारस, एकटी, आणि वाटेत गाठण्याजोगी. बोजांसीहून प्वातिएला जाताना ब्ल्वाच्या तरुण काउंटनं, तिबोनं, तिला अडकवायचा बेत केला; ती रात्रीतून निसटली. पुढे नदीच्या उताराशी आन्जूचा सतराएक वर्षांचा जॉफ्री टपून बसला होता. तिनं रस्ता बदलला. प्वातिएला पोचली आणि तिथून जॉफ्रीच्याच थोरल्या भावाला, हेन्रीला, निरोप गेला. आदल्या उन्हाळ्यात तो बापाबरोबर पॅरिसच्या दरबारी आला होता, तेव्हा तिनं त्याला पाहिलेलं होतं. १८ मे ११५२. पहिलं लग्न रद्द होऊन दोन महिनेही झाले नव्हते. नवरा एकोणीस वर्षांचा, ती तिशीच्या आसपास. गाजावाजा न करता प्वातिएला लग्न लागलं.

बोभाटा झाला तो मुख्यतः याच लग्नाचा. लुईनं सैन्य काढलं आणि काही आठवड्यांत मार खाऊन गप्प बसला. पण पुन्हा कागद-पेन्सिल घ्या. हेन्री आणि एलिनॉर यांची खापरपणजी एकच, आन्जूची एर्मांगार्द. दोघंही तिच्यापासून चौथ्या पिढीत. ज्या नात्यापायी पहिलं लग्न मोडलं, त्याच्याहून दुसरा नवरा जवळचा. हे तिच्या विरोधकांनी पुष्कळ उगाळलं. लुईबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. त्यानं ११५४ मध्ये स्पेनमधल्या कॅस्टीलची कॉन्स्टन्स केली. तिचा बाप आणि लुईची आई सख्खे मामे-आते भाऊ-बहीण. म्हणजे पणजोबा एकच. चौथ्या-पाचव्या पिढीच्या पापातून सुटलेला धर्मभीरू राजा थेट तिसऱ्या पिढीत येऊन बसला. कुणीही सभा बोलावली नाही.

पुढचं थोडक्यात. ११५४ मध्ये हेन्री इंग्लंडचा राजा झाला आणि एलिनॉर दुसऱ्यांदा राणी. लुईला मुलगा न देणाऱ्या या बाईनं हेन्रीला पाच मुलगे आणि तीन मुली दिल्या. कॉन्स्टन्सनं लुईला दोन मुली देऊन ११६० मध्ये डोळे मिटले. पाच आठवड्यांत लुई तिसऱ्यांदा बोहल्यावर चढला, आणि ११६५ मध्ये एकदाचा मुलगा झाला. त्याचं टोपणनाव ‘देवदत्त’ पडलं, यात नवल नाही. ही तिसरी बायको कोण, तर एलिनॉरला वाटेत गाठू पाहणाऱ्या त्या तिबोची बहीण. आणि तिबोनं पुढे लग्न केलं ते एलिनॉर-लुईच्या धाकट्या मुलीशी. तिबो म्हणजे लुईचा मेहुणाही आणि जावईही. एलिनॉरच्या दृष्टीनं, जो तिला पळवून नेणार होता तो तिचा जावई झाला. शिवाय ११६० मध्येच हेन्रीनं आपल्या पाच वर्षांच्या मुलाचं लग्न कॉन्स्टन्सच्या दोन वर्षांच्या मुलीशी लावून हुंड्यातले सीमेवरचे किल्ले घाईघाईनं ताब्यात घेतले. त्यामुळे एलिनॉर आपल्या पहिल्या नवऱ्याची विहीण झाली. पुरणपोळीच्या पंगतीत या दोघांना समोरासमोर बसवलं असतं तर काय बोलले असते, याची मी उगीचच कल्पना करते.

११७३ मध्ये तिचे तीन मुलगे बापावर उलटले आणि ती मुलांच्या बाजूला गेली. पुरुषाच्या वेषात निघाली असताना हेन्रीच्या माणसांनी तिला धरलं. निघाली कुठे होती? मुलं होती तिथे, म्हणजे पॅरिसला, लुईच्या दरबारी. हेन्रीनं तिला इंग्लंडला नेऊन बंदोबस्तात ठेवलं, सॅरमला, विंचेस्टरला, ठिकाणं बदलत. पंधरा वर्षं. मधल्या काळात हेन्रीची मैत्रीण रोझामंड वारली आणि लोककथेनं राणीच्या हाती विषाचा पेला आणि खंजीर दिला. राणी तेव्हा पहारेकऱ्यांच्या नजरेखाली होती, तेव्हा तिनं तो पेला कुणाच्या हाती पाठवला हे कथाच जाणे.

मग हेन्रीनं काडीमोड का घेतली नाही? खापरपणजी तर तयारच होती. ११७५ मध्ये त्यानं पोपच्या वकिलाकडे चाचपणी केल्याचं इतिवृत्तकार लिहितात. पण लुईचं काय झालं ते त्यानं अगदी जवळून पाहिलं होतं; त्याच्यामुळेच तर झालं होतं. लग्न रद्द म्हणजे अ‍ॅक्विटेन रद्द. म्हणून बेत असा, की हिनं आपणहून फोंतव्रोच्या मठात जोगीण व्हावं. तिथल्या मठाधिकारी बाईचं पद देऊ केलं. तिनं नकार दिला आणि कैद पत्करली. माझ्या मते तिच्या सगळ्या आयुष्यातला सर्वांत चलाख निर्णय हा. शेवटी ती फोंतव्रोलाच गेली, पण स्वतःच्या वेळी आणि स्वतःच्या अटींवर, आणि आज तिची समाधी तिथेच आहे, हेन्रीच्या शेजारी. समाधीवरचा दगडी हेन्री हातात राजदंड घेऊन पडलाय. ती पडल्या पडल्या उघडं पुस्तक धरून आहे.

११८९ मध्ये हेन्री गेला, ती सुटली, आणि पुढची पंधरा वर्षं तिच्या पायाला भिंगरी होती. मुलगा रिचर्ड क्रुसेडवर, तर त्याच्यासाठी नवरी घेऊन ऐन हिवाळ्यात आल्प्स ओलांडून सिसिलीपर्यंत गेली. तो परतीच्या वाटेवर जर्मनीत कैद झाला, तर इंग्लंड पिळून एक लाख मार्क चांदीची खंडणी उभी केली आणि ती घेऊन सत्तरी ओलांडलेली ही बाई ११९४ मध्ये स्वतः माइन्सला हजर झाली.

तिच्या हातची शेवटची मोठी सोयरीक १२०० सालची. गादीवर आता धाकटा मुलगा जॉन, समोर फ्रान्सचा राजा फिलिप, म्हणजे लुईचा तो देवदत्त मुलगा. तह ठरला: जॉनच्या एका भाचीचं लग्न फिलिपच्या मुलाशी. भाच्या कॅस्टीलला, पिरेनीजपलीकडे. एलिनॉर ऐंशीच्या उंबरठ्यावर. वाटेत लुझिन्यांच्या सरदारानं तिला अडवून जमिनीचा तुकडा उकळला, तो देऊन ती पुढे गेली. कॅस्टीलमध्ये नाती उराका आणि ब्लांश. बोलणी थोरलीची, उराकाची, झाली होती असं सांगतात. आजीनं दोघींना पाहिलं आणि धाकटी निवडली. नाव फ्रेंच जिभेवर बसायचं नाही असं कारण पुढे केलं म्हणे. बारा वर्षांच्या त्या पोरीला घेऊन ती परत पर्वत ओलांडून आली. ही ब्लांश पुढे फ्रान्सची राणी झाली, मुलाच्या वतीनं राज्य चालवलं, आणि तो मुलगा, लुई नववा, चर्चनं संत ठरवला.

२३ मे १२०० ला लग्न लागलं, पण फ्रान्समध्ये नाही. सीमेपलीकडे, जॉनच्या नॉर्मंडीत. कारण फ्रान्सवर पोपची धर्मबंदी होती: घंटा बंद, प्रार्थना बंद, लग्नं बंद. ती बंदी नवऱ्यामुलाच्या बापानं ओढवून घेतलेली. फिलिपनं ११९३ मध्ये डेन्मार्कच्या इंगबोर्गशी लग्न केलं आणि दुसऱ्याच दिवशी ती नको म्हणाला. मग काय, वडिलांचीच युक्ती. आपली पहिली, वारलेली बायको आणि इंगबोर्ग नात्यातल्या निघतात, अशी वंशावळ बिशपांपुढे ठेवली आणि तीन महिन्यांत लग्न रद्द करून घेतलं. डेन्मार्ककरांनी खरी वंशावळ रोमला पाठवली, तेव्हा कागद खोटा ठरला. फिलिपनं तरीही आणखी एक बायको केली, आणि म्हणून बंदी.

नव्या जोडप्याच्या रेघा मी ओढून पाहिल्या. नवरामुलगा लुईचा नातू, नवरी एलिनॉरची नात. ब्लांशच्या बापाकडून वर गेलं की पाचव्या पिढीत बर्गंडीचा काउंट विल्यम लागतो. नवऱ्यामुलाकडून वर गेलं तरी पाचव्या पिढीत तोच. चौथ्या-पाचव्या पिढीवर बोजांसीला जे लग्न मोडलं, त्याच्यापेक्षा हे जेमतेम एका पायरीनं लांब, आणि सातांच्या आत तर स्वच्छ बसतं. त्या दिवशी नॉर्मंडीत बिशप होते, दोन्हीकडचे कारभारी होते, वंशावळी पाठ असलेले साधू होते. दोन्ही बाजूंना हे लग्न हवं होतं, त्यामुळे पिढ्या कुणीच मोजल्या नाहीत.